सौताड्याच्या पुढचा देश

आमच्या आजोबांच्या ट्रंकेत एक उर्दू कागद होता. घरातल्या मंडळींना तो ठाऊक आहेच. "जमिनीचा आहे, हरवू नका," एवढंच आजी सांगायची. आजोबा निजामाच्या राजवटीत शिकलेले, उर्दू झरझर वाचायचे. ते गेले आणि घरातलं उर्दूही गेलं. पुढे मी बीड जिल्ह्यातल्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायला लागलो. भारत-पाकिस्तान संबंध हा तर माझा हातखंडा विषय! ताश्कंद १९६६, सिमला १९७२, लाहोर १९९९... मुलं लिहून घ्यायची, पास व्हायची.

दोन वर्षांपूर्वी एक विद्यार्थिनी घरी आली. आईवडील ऊसतोडीला कर्नाटकात, ही आजीजवळ राहून एम.ए. झालेली. याच विषयावर पीएच.डी. करायची म्हणून टिपण लिहून आणलं होतं. नीटनेटकं होतं. मी सहज विचारलं, "लाहोरचा माणूस हे वाचून काय म्हणेल गं?"

"सर, तिकडचं काही वाचलंच नाही. लिपी येत नाही."

मी गप्प बसलो. कारण मलाही येत नव्हती. इतकी वर्षं शेजारच्या देशाबद्दल बोललो, पण शेजाऱ्याचं एक पानसुद्धा त्याच्या अक्षरात वाचलेलं नाही.

दिल्लीत १९५५ साली सप्रू हाउसमध्ये इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज सुरू झालं. अप्पादुराई त्याचे संचालक. १९७० मध्ये ते जेएनयूत सामील झालं. एकेक प्रदेश घेऊन त्याचा इतिहास, राजकारण, समाज असा सगळा अभ्यास करायचा, ही त्यामागची कल्पना. तिथल्याच उर्मिला फडणीसांनी आधी भारतातल्या संस्थानांच्या विलीनीकरणावर पुस्तक लिहिलं आणि मग श्रीलंकेतल्या धर्म आणि राजकारणावर. २०१० मध्ये सार्क देशांनी मिळून दिल्लीतच साउथ एशियन युनिव्हर्सिटी काढली. हेतू हा, की शेजारी देशांतली मुलं एका वर्गात बसावीत. २०१४ च्या काठमांडूनंतर सार्कची शिखर परिषद झालेली नाही. नेते भेटत नाहीत तेव्हा अशा वर्गांची किंमत जास्तच कळते.

पण आमच्या पोरीला दिल्ली लांब होती. मग विचार केला, आपल्याकडे काय आहे? आणि एकदम लक्षात आलं, आपल्याकडे तर सरहद्द होती!

पाटोद्याहून सौताड्यामार्गे जामखेडला जाताना आज काही कळतही नाही. पण सौताडा निजामाच्या हैदराबादेत आणि जामखेड इंग्रजांच्या नगर जिल्ह्यात. इकडे हाली सिक्का, तिकडे कलदार. मध्ये करोडगिरीचा नाका, म्हणजे जकातीचा. १५ ऑगस्ट १९४७ ते १७ सप्टेंबर १९४८ हे तेरा महिने तर पलीकडे स्वतंत्र भारत आणि अलीकडे विलीन न झालेलं हैदराबाद. नोव्हेंबर १९४७ मध्ये दोघांत 'जैसे थे' करार झाला, भारताचे एजंट जनरल म्हणून कन्हैयालाल मुन्शी हैदराबादेत जाऊन बसले. आणि सोयरिकी मात्र दोन्हीकडे!

मी तिला म्हटलं, "पाकिस्तान राहू दे. आधी हे शेजारी अभ्यास. आणि उर्दू शीक." आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांनी आनंदानं शिकवायचं कबूल केलं. तिच्या शेजारी वही घेऊन मीही बसलो. 'बे' आणि 'पे' मधले नुक्ते मोजताना या वयात फजिती झाली, ती वेगळीच.

मग ती गावोगाव जुन्या माणसांकडे गेली. एका आजोबांनी रझाकारांनी पेटवलेलं घर सांगितलं. दुसऱ्या गावात एका मुस्लिम आजींनी पोलीस ॲक्शननंतरचे दिवस सांगितले. घरातले पुरुष परत आले नाहीत, ते. त्या दिवसांची चौकशी करायला केंद्र सरकारनं १९४८ मध्येच पंडित सुंदरलाल समिती पाठवली होती. अहवाल मात्र कित्येक दशकं बाहेर आला नाही. मी १७ सप्टेंबरला दरवर्षी झेंड्याखाली भाषण करतो. त्यात त्या आजी कधीच नव्हत्या.

"सर, दोन्ही खरं आहे. मग निष्कर्षात काय लिहू?"

"दोन्ही लिही. निष्कर्षाची घाई नको."

हे बोललो आणि वाटलं, खरं शिकवणं ते हेच असावं. तारखा कुठेही मिळतात. दुसऱ्याचं दुःख ऐकताना आपलं मोजायला न बसणं, हे मात्र शिकावं लागतं.

तिच्या आईनं फोनवर विचारलं होतं, "यानं पोट भरल का हो सर?" मला उत्तर देता आलं नाही. आजही येत नाही. पोरगी दिल्लीच्या प्रवेश परीक्षेची तयारी करतेय, एवढंच सांगू शकतो.

असो. परवा ती आली तेव्हा ट्रंकेतला कागद तिच्यापुढे ठेवला. अडखळत अडखळत तिनं वाचला. फसली सन १३५०, म्हणजे १९४०-४१. जमिनीचा नव्हताच तो. करोडगिरीची पावती होती. जामखेडहून आणलेली चार लुगडी, त्यावरचा महसूल.

आत्याचं लग्न त्याच साली झालं होतं.