चाकणला वाफेवरचे जेवण

चाकण म्हटले की आमच्या पिढीला दोनच गोष्टी आठवतात, संग्रामदुर्ग आणि कांद्याचा बाजार. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळा यांनी शाएस्तेखानाच्या अफाट फौजेपुढे हा लहानसा भुईकोट जवळजवळ दोन महिने लढवला, हे शाळेत शिकलो होतो. कांदा मात्र आमच्या घरात कधी आलाच नाही. त्यामुळे त्या बाजाराशी आमचा संबंध रस्त्यावरून जाताना येणाऱ्या वासापुरताच राहिला. त्याच चाकणला आपण एके दिवशी जेवायला जाऊ, आणि तेही चिनी पदार्थ, असे कोणी सांगितले असते तर हसलो असतो.

निमित्त चिरंजीवांचे. ते चाकणच्या एका कारखान्यात अभियंता आहेत. गेल्या वर्षी कामासाठी त्यांना पाच महिने चीनमध्ये ग्वांगझौ येथे राहावे लागले. परत आल्यापासून ‘आई, तुला एकदा डिमसम खाऊ घालायचे आहे’ हे एकच पालुपद. आमच्या सौ. चौविहार पाळतात, कंदमूळ घेत नाहीत, आणि सामिष शिजते त्या ठिकाणी पाणीही पीत नाहीत. त्यामुळे हा विषय वर्षभर नुसता पुढे ढकलला जात होता.

शेवटी डिसेंबरातल्या एका रविवारी निघालो. निगडीहून स्पाइन रस्त्याने मोशी आणि पुढे इंद्रायणीचा पूल ओलांडून नाशिक महामार्ग. मी या परिसरात चाळीस वर्षे काढली. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, पुढे टेल्को आणि बजाज आले, १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. हे सारे आमच्या घरच्या गप्पांतले विषय. चाकणचे रूप पालटले ते मात्र गेल्या पंधरा-वीस वर्षांत. २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, महिंद्र आणि मर्सिडीज त्याच सुमारास आले. यंत्रांबरोबर परदेशी तंत्रज्ञ आले, आणि त्यांच्या जिभेसाठी उपाहारगृहे. एकेकाळी जेथे बाजरीची शेते होती तेथे आज जपानी आणि कोरियन लिपीतल्या पाट्या दिसतात. सौ. त्या पाट्या वाचण्याचा प्रयत्न करत होत्या. मी वाहतुकीच्या कोंडीकडे पाहत होतो, कारण चाकण चौकात दुसरे काही करता येत नाही.

तळेगाव रस्त्यालगतच्या एका हॉटेलात चिनी विभाग आहे. दुपारचे बारा वाजले होते. मी सहज म्हणालो, ‘रात्री आलो असतो तर रस्ता मोकळा मिळाला असता.’ त्यावर चिरंजीव म्हणाले, ‘पप्पा, डिमसम रात्रीचे नसतेच.’ दक्षिण चीनमधील कँटन प्रांतात सकाळपासून दुपारपर्यंत चहाघरात बसून चहाबरोबर हे लहान लहान पदार्थ खाण्याची रीत आहे. तिला ‘यम चा’, म्हणजे चहा पिणे, असेच म्हणतात. ‘डिमसम’ या शब्दाच्या दोन अक्षरांत दुसरे अक्षर हृदयाचे आहे. सूर्यास्तापूर्वी आटोपणारे जेवण ऐकून सौं.च्या चेहऱ्यावर प्रथमच थोडी उत्सुकता दिसली.

पण खरा प्रश्न टोपलीचा होता. डिमसम बांबूच्या गोल टोपल्यांत वाफवतात आणि त्या टोपल्या एकावर एक रचतात. खालच्या टोपलीतली वाफ जाळीतून वरच्या टोपलीत जाते. खाली मांसाचे आणि वर भाजीचे असेल तर पदार्थ शाकाहारी असूनही वाफ एकच. ‘शुद्ध शाकाहारी आहे’ एवढ्या उत्तरावर समाधान मानणारे आपल्यात बरेच आहेत, सौ. त्यांतल्या नाहीत. त्यांनी व्यवस्थापकांना नम्रपणे विचारले, ‘मला एकदा आत पाहू द्याल का?’

मला संकोच वाटला. व्यवस्थापकांना मात्र वाटला नाही. आत दार्जिलिंगकडचा एक तरुण आचारी होता. शाकाहारी पदार्थांसाठी वेगळी शेगडी, वेगळे पातेले आणि हिरवा दोरा बांधलेल्या टोपल्या त्याने दाखवल्या. मग तो आणि सौ. अशा काही गप्पांत रमले की आम्ही बापलेक दाराशी उभे राहून थकलो. गाजर नको, मशरूम नको, आले नको. आल्याऐवजी सुंठ चालेल का, असे त्यानेच विचारले! चिनी स्वयंपाकात जो ‘शिंगाडा’ घालतात तो आपला पाण्यावर येणारा शिंगाडा नव्हे; तो चिखलात वाढणारा कंद आहे, हेही त्याच्याकडूनच कळले. बाहेर जैन थाळी म्हणून कांदा-लसूण वगळून वाढणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल, कोण जाणे. मुळ्याची वडी तर यादीतूनच बाद झाली. उरले श्रावणघेवडा, मक्याचे दाणे, ढोबळी मिरची, पनीर, पांढरी मिरी आणि तिळाचे तेल.

आतून बाहेर आल्यावर सौ. मला हळूच म्हणाल्या, ‘अहो, ती पारी म्हणजे आपला चीकच आहे.’ आणि तसेच होते. ज्या पारदर्शक पारीतून आतले सारण दिसते, ती गव्हातील चिकट भाग काढून टाकल्यावर उरणाऱ्या सत्त्वाची करतात. त्यावर उकळते पाणी ओतून उकड काढायची, मळून लाट्या करायच्या. गहू भिजवून कुरडईसाठी आपण जो चीक काढतो, त्याचेच हे दुसरे रूप. पुढची कृती मोदकाची. चिंचवडच्या मोरया गोसावींच्या परिसरात वाढलेल्या बाईला मोदकाच्या कळ्या कोणी शिकवायच्या? आचाऱ्याने घातलेल्या चुण्या तिने मोजल्या. त्या नऊ भरल्या.

टोपल्या आल्या. झाकण उघडताच वाफ उठली आणि माझ्या चष्म्यावर बसली. चव सौम्य होती. मला, खरे सांगायचे तर, थोडी जास्तच सौम्य वाटली. हिंगाची चिमूट हवी होती. आंबवलेले म्हणून सोया सॉस आणि व्हिनेगर सौं.नी बाजूला ठेवले, लिंबू आणि हिरवी मिरची मागवली. हिंगाचे मी बोललो तेव्हा चिरंजीव हसले. चिनी बौद्ध भिक्षू मांसाबरोबर पाच उग्र वनस्पतीही वर्ज्य मानतात. त्यांत लसूण आणि कांद्याच्या जातीच्या भाज्या आहेत आणि हिंगही आहे. म्हणजे कांदा-लसणाऐवजी ज्याचा आपल्याला आधार, तोच तेथे निषिद्ध! सहाव्या शतकात लिआंग घराण्याचा सम्राट वू याने भिक्षूंच्या मांसाहाराविरुद्ध आग्रह धरला, तेव्हापासून तेथील विहारांत निरामिष स्वयंपाकाची मोठी परंपरा आहे.

‘हे तुला कसे ठाऊक?’ सौं.नी विचारले.

चिरंजीवांनी चहाचा पेला खाली ठेवला. तेथे पोहोचल्यावर तिसऱ्या आठवड्यात कारखान्याच्या उपाहारगृहात त्यांनी एक पांढरा, मऊ पाव घेतला होता. खुणेने विचारले होते, समोरच्याने मान डोलावली होती. पहिल्याच घासात कळले. घास थुंकला, पण तोंडात गेला होता. ही गोष्ट त्यांनी वर्षभर कोणालाही सांगितली नव्हती. त्यानंतर एका सहकाऱ्याने त्यांना विहारालगतच्या शाकाहारी भोजनालयात नेले आणि उरलेले चार महिने ते सुट्टीच्या दिवशी तेथेच जेवले. डिमसमची ओढ तेथली.

‘मिच्छामि दुक्कडं, आई,’ ते म्हणाले.

टेबलावर थोडा वेळ कोणी बोलले नाही. मी काही धर्मवचन बोलावे म्हणून शब्द शोधत होतो. सौं.नी विचारले, ‘मग त्या दिवशी काय खाल्लंस?’

‘केळी. आणि नुसता भात.’

त्यांनी स्वतःच्या टोपलीतले शेवटचे डिमसम उचलून त्यांच्या ताटलीत ठेवले. चिरंजीवांनी दोन बोटांनी टेबलावर हलकेच टकटक केली. चहा वाढणाऱ्याचे आभार मानण्याची ती कँटनी पद्धत आहे, असे नंतर सांगितले. सौं.ना तेव्हा ते ठाऊक नव्हते. त्यांना वाटले, तो आणखी मागतो आहे. त्यांनी आणखी एक टोपली मागवली.

परतताना संग्रामदुर्गाशी पाच मिनिटे थांबलो. तटबंदीचे थोडेच अवशेष उरले आहेत, भोवती घरे दाटली आहेत. मोशीला पोहोचेपर्यंत साडेपाच वाजले. सूर्यास्ताला अर्धा तास होता म्हणून सौं.नी गाडीतच बाटलीतले उकळलेले पाणी पिऊन घेतले, आणि चिरंजीवांना विचारले की ग्वांगझौच्या त्या भोजनालयात पारीला चिकाबरोबर तांदळाचे पीठही घालत का. त्यांना सांगता आले नाही. पुढच्या रविवारी आमच्या घरी मोदकपात्रात दोन्ही करून पाहायचे ठरले आहे.