चिंचोळ्या वाटेवरची भेट
2020 च्या मार्चपासून इथे अमेरिकेत, यूटा राज्यात, आम्ही चौघं घरात कोंडलेलो. ह्यांचं ऑफिस घरात, मुलांची शाळा घरात, माझी शिकवणीही घरातच! ऑक्टोबरात ह्यांनी टूम काढली, "लिटल वाइल्ड हॉर्स कॅन्यन पाहून येऊ."

वाळवंटातली ही घळ पाण्याच्या लोंढ्यांनी वालुकाश्म कापून केलेली. कुठे कुठे अंग तिरकं करूनच सरकावं लागतं. लांब कुठे पाऊस पडला तरी इथे लोंढा येतो. म्हणून हवामानाचा अंदाज पाहूनच निघावं. पाणी मात्र माणशी चार लिटर हवंच. बरोबर मी दशम्या-चटणी घेतली होती.

ऐन चिंचोळ्या जागी समोरून एक कुटुंब आलं. आता सहा फुटांचं अंतर ठेवायचं कसं? मास्क वर ओढून आम्ही मागे फिरलो आणि जरा रुंद वळणावर भिंतीला चिकटून उभे राहिलो. जाता जाता त्यांच्या चिमुरडीनं हात हलवला. आमच्या धाकटीनं दोन्ही हात हलवले! सात महिन्यांत तिनं दुसरं मूल इतक्या जवळून पाहिलंच नव्हतं. परतताना गाडीत म्हणाली, "आई, तिचं नाव काय असेल गं?"

खरं सांगते, धडे मी घरी शिकवले. सवंगडी काही घरात आणता आला नाही.