काढ्यांची पेठ : हाँगकाँगची को शिंग स्ट्रीट

हाँगकाँग बेटाच्या उत्तर किनाऱ्याने धावणारी दुमजली ट्राम शुंग वान भागात शिरली, की आधी वासावरून ठिकाण कळते. प्रथम सुकविलेल्या मासळीचा उग्र दर्प येतो; शाकाहारी प्रवाशाचा हात आपोआप नाकाकडे जातो. मात्र तेथून जवळच असलेल्या को शिंग स्ट्रीटवर वळताच हवा पालटते. जेष्ठमध, दालचिनी, वाळलेली फुले, सालींच्या चिरफळ्या! आपल्याकडील काष्ठौषधींच्या जुन्या दुकानाची आठवण व्हावी असा तो गंध. पदपथावर पोती रचलेली असतात आणि हमाल हातगाड्या घेऊन वाट काढीत असतात.

ही पेठ व्यापाऱ्यांनी घडविली. उत्तर चीनमधील औषधी दक्षिणेकडे न्यावयाची आणि आग्नेय आशियातील तांदूळ व मसाले इकडे आणावयाचे, हा येथील पेढ्यांचा व्यवहार. म्हणूनच त्यांना ‘नाम पाक हाँग’, अर्थात दक्षिण-उत्तर पेढ्या, असे नाव पडले. १८६८ मध्ये त्यांनी आपला संघ स्थापन केला. वजनाची भाषाही अद्याप जुनीच आहे. एक ‘लुंग’ म्हणजे सुमारे ३७.८ ग्रॅम आणि सोळा लुंगांची एक कट्टी.

दुकानात भिंतभर लहान लहान खणांचे कपाट असते. गिऱ्हाइकाने ‘सर्दीवर काही द्या’ म्हटले, तर जाणता दुकानदार लगेच खण उघडत नाही. थंडी वाजते की घसा जळजळतो, कफ पांढरा की पिवळा, हे तो आधी विचारतो. चिनी वैद्यकात सर्दीचे मूळ वाऱ्यात मानलेले आहे. थंड वारा बाधला तर आले, पातीच्या कांद्याचा पांढरा भाग आणि पेरिलाची पाने. उष्ण वारा बाधला तर हनीसकल आणि शेवंतीची फुले. मानेच्या मागील बाजूने वारा शरीरात शिरतो, म्हणून वृद्ध मंडळी गळ्याभोवती रुमाल गुंडाळतात. ‘गार वारं लागलं’ म्हणणाऱ्या मराठी आजीला हे शास्त्र परके वाटू नये.

सर्दी होण्यापूर्वीच घ्यावयाच्या औषधाचे नाव मोठे सुंदर आहे : ‘यू पिंग फेंग’, म्हणजे जेडचा पडदा. हुआंग ची, बाय जू आणि फांग फेंग अशी तीनच द्रव्ये त्यात असतात. फांग फेंग या नावाचा अर्थच ‘वारा थोपविणारे’ असा आहे. मातीच्या भांड्यात तीन वाट्या पाणी एक वाटी होईपर्यंत आटवून काढा करतात. लोखंडाचे भांडे वर्ज्य मानतात.

हिऱ्यांच्या व्यापारानिमित्त समुद्रापलीकडे, कौलूनमध्ये राहणाऱ्या जैन कुटुंबांपुढे मात्र येथे वेगळाच प्रश्न उभा राहतो. या पडद्याची तिन्ही द्रव्ये जमिनीखालची आहेत. ओले आले वर्ज्य, परंतु सुंठ चालते, असे मानणाऱ्या घरांत वाळलेल्या मुळ्यांचे काय करावे, हे आपापल्या गुरूंनाच विचारावे लागते. त्याहून अधिक सावध राहावे ते तयार गोळ्यांबाबत, कारण अनेक गोळ्या मधात वळलेल्या असतात आणि कॅप्सूलचे कवच बहुधा जिलेटिनचे असते. घशाच्या काही पुड्यांत सिकाडा कीटकाची टाकलेली कात असते. ताप उतरविणाऱ्या काहींत तर वाळविलेली गांडुळे असतात. पुडी बांधण्यापूर्वी प्रत्येक जिन्नसाचे नाव विचारून घेण्यात संकोच कसला? पेरिला तुळशीच्या कुळातील आहे. तिच्या नुसत्या पानांचा चहा घरी सहज होतो.

हेही स्पष्ट सांगितले पाहिजे, की सर्दी होणारच नाही अशी खात्री देणारे ठोस वैज्ञानिक प्रमाण यांपैकी कोणत्याही काढ्यापाशी नाही. २००३ च्या फेब्रुवारीत ग्वांगझू शहरात अनोळखी न्यूमोनियाची वार्ता पसरली. तेव्हा बानलानगेन या मुळीची पाकिटे आणि हवा शुद्ध करण्यासाठी उकळावयाचा सिरका यांवर लोक तुटून पडले. भाव कित्येक पटींनी चढले. तो आजार म्हणजे सार्स. पुढे एकट्या हाँगकाँगमध्ये २९९ माणसे दगावली. भीतीच्या बाजारात कोणाची तिजोरी भरली, हे व्यापारी वाचकांस सांगणे नलगे.

निरुपद्रवी वाटणाऱ्या वस्तूही नेहमीच तशा नसतात. जेष्ठमध फार काळ व अधिक प्रमाणात घेतल्यास रक्तदाब वाढतो. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी, गर्भवतींनी आणि लहान मुलांच्या पालकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुडी सोडू नये. हाँगकाँगच्या १९९९ च्या कायद्याने ३१ विषारी द्रव्ये नोंदणीकृत वैद्याच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली आहे.

संध्याकाळी कचेऱ्या सुटल्यावर शहरातील ‘थंड चहा’च्या दुकानांपुढे माणसे थांबतात. नाव थंड, पण वाडगा बहुधा वाफाळता! चोवीस द्रव्यांचा म्हणून ओळखला जाणारा काढा इतका कडू, की पुष्कळ जण मागोमाग सुकविलेले गोड-आंबट आलुबुखार तोंडात टाकतात. त्यामानाने पंचपुष्पांचा चहा सौम्य. हनीसकल आणि शेवंती यांच्यासोबत त्यात चक्क आपला पांढरा चाफा आणि काटेसावर असते. मार्च-एप्रिलमध्ये भिंतींना पाणी सुटेल इतकी हवा दमट होते. त्याच सुमारास रस्त्याकडेच्या सावरींची लाल फुले टपटप गळू लागतात. वृद्ध स्त्रिया झाडाला हात न लावता ती पिशवीत गोळा करतात आणि ऊन पडेल त्या कठड्यावर वर्तमानपत्र पसरून वाळत घालतात.