माळवद

निजामाच्या अमदानीत, म्हणजे आमच्याकडच्या भाषेत मोगलाईत, उभे राहिलेले औसा तालुक्यातले आमचे बारा खणांचे घर बाहेरून पाहणाऱ्यास गढीच वाटावे इतके आंधळे होते; दोन हात जाडीच्या त्या दगडमातीच्या भिंतींना खिडकी अशी नव्हतीच, आणि ढाळजेतल्या दरवाजाला अडसर घातला की उजेडवाऱ्याला चौक आणि माळवदातली साणी एवढ्याच वाटा उरत. दरोड्याची भीती हे त्याचे एक कारण. भर वैशाखात माजघरातला रांजण गार राही, हे दुसरे, आणि माझ्या मते अधिक खरे.

सागवानी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर किलचांची आडवी दाटी आणि त्यावर माती, अशी माळवदाची रचना. दर मृगापूर्वी आजोबा गड्यांकडून चोपण माती आणवीत, ती पसरून धुमसून घेत, पन्हाळी साफ करवीत. जुनी माती उतरवावी असे मात्र कोणाच्या मनात येत नसे, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या दक्षतेचे थर एकावर एक साचत जात. १९४८ साली पोलीस कारवाई होऊन संस्थान गेले, मागाहून पाटीलकी गेली, बहात्तरच्या दुष्काळात बळदांचा तळ दिसला, वाटण्या होऊन चौकात एक विद्रूप भिंत उठली. माळवदावर माती चढणे तेवढे थांबले नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बोळवून गावे निजली असता, किल्लारीच्या परिसरात भूकंपाने हजारो माणसे स्वतःच्याच घरांखाली गाडली गेली. आमचे गाव तिथून दूर, म्हणून दोन भिंतींवर निभावले. त्या फुटल्या तेव्हा त्यांचे अंतरंग प्रथमच दिसले: आतबाहेर दगडांचे दोन स्वतंत्र पदर, मध्ये मातीगोट्यांचा भराव, आणि दोहोंना जखडणारा आरपार दगड क्वचितच. खण मात्र उभे होते. सारा भार लाकडाने पेलला होता.

माळवदावर वीतभरच माती ठेवा, खांब-तुळयांच्या सांध्यांना तिरपे आधार द्या, असे पुढे आलेले अभियंते सांगत. परंतु दगडाचीच धास्ती बसलेल्या मुलखात ते ऐकणारे थोडे, आणि बावन्न गावे तर नव्या जागी, नव्या घरांत गेली. ती घरे मला रुचली नाहीत. पण ज्यांची माणसे गेली त्यांच्यापुढे ही रुची बोलून दाखवण्याचा मला अधिकार नाही.

आम्ही माती उतरवली. चोपण असल्यामुळे ती रानात टाकण्याजोगी नव्हती, म्हणून ओढ्याकडच्या वाटेचे खळगे तिने बुजवले. पहिल्याच पावसात गाड्या तिथे रुतू लागल्या आणि भाऊबंदांत नवा तंटा उभा राहिला.