धुपाटण्यातली राख

काही जुन्या चिनी धुपाटण्यांना बाहेरून शेवाळी झिलई असते, पोटात मात्र पुष्कळदा नुसती भाजलेली उघडी माती. काठाशी झिलई विरळ होऊन खालचा रंग फिकटसा दिसतो, आणि तीन आखूड पायांच्या बेचक्यात ती ओघळून दाट साचते. घाट काशाच्या प्राचीन तीनपायी भांड्यांचा. सोंग आणि युआन राजवटींच्या काळात चीनमधल्या लोंगछ्वानच्या भट्ट्या या कामासाठी नावाजलेल्या होत्या. झिलईत लोहाचा अंश, भट्टीत रोखलेली हवा आणि १२०० अंशांच्या वरची आच, यांतून तो हिरवा रंग उतरतो.

पोट कोरं राहिलं तरी बिघडत नाही, कारण ते राखेनं भरायचं असतं. त्या राखेत उदबत्ती उभी रोवतात आणि जळताना तिची राख तिथंच पडते. झिलईतसुद्धा लाकडाची राख कालवलेली असते. राखेचा एवढा मान ठेवणारं दुसरं भांडं मला माहीत नाही.

नवीन जालन्यात आमच्या घरी तिन्हीसांजेला गोवरीच्या निखाऱ्यावर ऊद टाकतात आणि सकाळी राख तुळशीत जाते. चिनी घरात ती साठत राहते. वर्षाअखेरीस चाळून वरची थोडी काढली, तरी बाकीची तशीच ठेवतात. भाऊ वेगळे झाले की थोरल्या घरच्या धुपाटण्यातली राख नव्या चुलीबरोबर जाते, नव्या देवळाला मूळ देवळातली. आपल्याकडेही जालन्यातल्या कुंडलिका नदीच्या दोन्ही काठांवरच्या घरांत शिर्डीच्या धुनीतली उदी पुडीतून येतेच की! पण आपण ती कपाळाला लावतो, पाण्यातून घेतो, संपवतो. जुन्या राखेत नवी उदबत्ती उभी करायची त्यांची रीत मला जास्त भावते.

अशी उदबत्ती लावणारे फार लांब नाहीत. समुद्रमार्गे मुंबईत आलेल्या कँटनी लोकांनी १९१९ साली माझगावात सी यूप देऊळ बांधलं. वरच्या मजल्यावर क्वान कुंग हा देव. १९६२च्या भारत-चीन युद्धानंतर देशातल्या कितीतरी चिनी कुटुंबांना राजस्थानातल्या देवलीच्या छावणीत डांबलं, पुष्कळजण पुढे देश सोडून गेले. माणसं विरळ झाली, तरी माझगावात उदबत्ती लागते.

म्हणून वस्तुसंग्रहालयात अशी धुपाटणी घासूनपुसून रिकामी मांडलेली बघवत नाहीत. झिलई जपायची तर जरूर जपा, पण तळाशी सापडलेली राख झटकून टाकू नका. तिचीही नोंद व्हावी, भांड्याइतकीच काळजीनं.