बोटावरची निळी पट्टी

भिलाईला पोस्टिंग आली तेव्हा कोर्समेट्सच्या ग्रुपवर पहिला प्रश्न आला, "तिथे आर्मी कुठे आहे?" आहे ना. एनसीसी आहे. एवढी वर्षं जवानांबरोबर काढल्यावर एकदम शाळा-कॉलेजच्या पोरापोरींत येऊन पडलो. रात्री क्वार्टरच्या गच्चीवरून स्टील प्लांटच्या बाजूचं आकाश मधूनच तांबडं होतं. पहिल्या आठवड्यात मी दचकायचो. आता तिकडे बघतही नाही.

आजची गोष्ट पायाच्या बोटांची आहे. जुने लोक हसतील, पण वाचा.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी आमचा दहा दिवसांचा कॅम्प होता. दिल्लीच्या प्रजासत्ताक दिन शिबिरासाठी पोरं निवडण्याची ही आधीची पायरी. त्यामुळे सगळ्यांच्या अंगात वारं. चौथ्या दिवशी ड्रिल बघताना एक मुलगी नजरेत भरली. हात छान, मान छान, पण डावं पाऊल टाच आपटून झाल्यावर किंचित बाहेर वळत होतं. उस्तादाला विचारलं. आमचा हवालदार साताऱ्याकडचा. म्हणाला, "साहेब, कालपासून असंच चाललंय तिचं. विचारलं तर म्हणते काही नाही."

"काही नाही" हे उत्तर मी ओळखतो. ते मी स्वतः दिलेलं आहे.

इन्स्ट्रक्टर मॅडमना बोलावलं आणि मुलीला सावलीत बसवून बूट काढायला सांगितलं. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला निळ्या रंगाची किनेसिऑलॉजी टेप गोल गोल गुंडाळलेली. तीन वेढे, चांगले ताणून. खेळाडूंच्या खांद्यावर, गुडघ्यावर दिसते तीच ती रंगीत पट्टी. मोबाईलवर व्हिडिओ बघून तिने सिव्हिक सेंटरमधून आणली होती. करंगळीचं टोक टेपच्या निळ्याशी स्पर्धा करत होतं. हात लावला तर गार.

टेप सोडवली. खाली फुटलेला फोड, ओला आणि लाल. रडली नाही. फक्त म्हणाली, "सर, टीम से मत निकालिए."

मला खडकवासला आठवलं. अकादमीत माझ्या वेळी शिक्षा म्हणून सिंहगड असायचा. रविवारी गडावर जाऊन परत यायचं. एकदा त्यात माझ्या करंगळीला फोड आला. सिक रिपोर्ट केला असता तर दोन दिवस अटेंड सी मिळाली असती. पण तेव्हा डोक्यात भूत एकच, रेलिगेशनचं. जास्त ट्रेनिंग चुकलं की एक टर्म मागे. म्हणून मी फोडावर चिकटपट्टी मारली, वर दुसरी मारली, आणि उस्तादांना सांगितलं, काही नाही. पाचव्या दिवशी पावलावरून घोट्याकडे लाल रेघ चढली आणि ताप भरला. दोन दिवस वाचवायला गेलो आणि एमएचमध्ये नऊ दिवस घालवले. भेटायला आलेल्या उस्तादांनी शिव्या घातल्या नाहीत. एवढंच विचारलं, की उद्या तुझ्या प्लाटूनचा जवान असा पाय लपवेल तेव्हा तुला कसं कळणार? त्याचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं.

आता टेपविषयी. ही पट्टी जपानच्या केन्झो कासे यांनी 1970 च्या दशकात काढली. सुती कापड, एका बाजूला उष्णतेने पकडणारा गोंद, आणि लांबीत ताणली जाईल अशी वीण. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये खेळाडूंच्या अंगावर ती जगाने पाहिली आणि मग दुकानादुकानांत पोचली. दुखणं कमी होतं, स्नायूंना बळ येतं असे दावे बरेच केले जातात. त्यांचे पुरावे मात्र लेचेपेचे आहेत. पण फोडाचं गणित वेगळं आहे. चालताना आतलं हाड पुढे सरकतं, वरची कातडी मोज्याला आणि बुटाला चिकटून मागे राहते, आणि मधल्या थरावर ओढ बसते. तीच ओढ हजारो पावलं बसली की थर सुटतात आणि पाणी भरतं. पट्टी ती ओढ थोड्या मोठ्या जागेवर वाटून देते आणि घासणं स्वतःवर घेते. त्यासाठी महागडी टेपच हवी असंही नाही. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अडीचशे किलोमीटरच्या शर्यतीतल्या धावपटूंच्या पायाला साधी कागदी टेप लावली होती. टेप लावलेल्या जागी फोड सुमारे 40 टक्क्यांनी कमी आले.

मी स्वतः चाळिशीनंतर रोज सकाळी दोन बोटांना ही टेप लावून पळतो. लेकीने शिकवलं, ती बॅडमिंटन खेळते. पद्धत सांगतो, कारण चुका सगळे त्याच करतात.

पाय धुवून पूर्ण कोरडा करा, बोटांच्या बेचक्यासुद्धा. तेल, पावडर काही नको. बोटाच्या रुंदीची छोटी पट्टी कापा आणि कोपरे गोल करा, नाहीतर मोज्यात अडकून कोपरा उचलला जातो. बोटाच्या वरून टोकावरून खाली अशी ती पांघरायची. वेढा घालायचा नाही. घालावाच लागला तर न ताणता, एकच, आणि टोकं एकमेकांवर ओढून न बसवता. बोटावर टेप ताणायचीच नसते. मग अंगठ्याने घासून गरम करा, गोंद धरतो. पळण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी लावा. लावून झाल्यावर नख दाबून सोडा. पांढरं झालेलं नख दोन सेकंदांत गुलाबी झालं पाहिजे. नाही झालं, बोट बधिर वाटलं, तर लगेच काढा. काढताना खोबरेल लावून, कातडीला समांतर, हळू. फुटलेल्या फोडावर ही टेप थेट कधीच नाही. आधी स्वच्छ ड्रेसिंग. आणि ज्यांना मधुमेह आहे, पावलांची जाणीव कमी झाली आहे, त्यांनी डॉक्टरला दाखवल्याशिवाय हे प्रयोग करू नयेत. आपल्या निवृत्त मंडळींत असे बरेच आहेत, म्हणून मुद्दाम लिहिलं.

घट्ट गुंडाळण्याची चूक फौजेला नवी नाही. पिंडरीला गुंडाळायची पट्टी इंग्रजांनी आपल्याकडूनच घेतली, नावासकट. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या चिखलात त्याच पट्ट्या भिजून आवळल्या आणि पाय सडण्याच्या कारणांत त्यांचीही गणना झाली. तेव्हापासून जवानांची पावलं रोज तपासणं हे ऑफिसरचं काम झालं. भिलाईचा कारखाना ज्या सोव्हिएत देशाच्या मदतीने उभा राहिला, त्याचे सैनिक तर मोज्यांऐवजी पायाला चौकोनी फडकं गुंडाळायचे. रशियन फौजेने ते 2013 मध्ये बंद केलं. सुरकुती पडली की फोड, म्हणून तिथेही गुंडाळायला आधी शिकवावं लागे.

पण आमच्या कॅडेटची खरी भानगड टेपमध्ये नव्हतीच. ड्रेसिंग झाल्यावर मी तिचा बूट उचलला. चार नंबर. पाऊल डोळ्यांनीच मोठं दिसत होतं. फॉर्मवर नंबर कोणी लिहिला? तिनेच. कुठून? चपलेवरून. गावाकडून येणारी पोरगी, बंद बूट आयुष्यात पहिल्यांदा घालणारी. चपलेत बोटं बाहेर आली तरी चालतात, बुटात कुठे जाणार? तिने फॉर्म भरला, क्लार्कने यादी केली, मी सही केली. पाऊल कोणीच मोजलं नाही.

ज्या गावात प्लांटमध्ये जाणारा प्रत्येक माणूस बोटांवर पोलादी टोपी असलेले बूट घालतो, तिथे माझ्या पोरींची बोटं माझ्या सहीमुळे चेपत होती.

त्या संध्याकाळी जेवणाआधी सगळ्यांना मोजे घालून वर्तमानपत्रावर उभं केलं. संध्याकाळी, कारण दिवसभराने पाय थोडा सुजतो. पेन्सिलने पावलाची कड काढली आणि त्यावर बूट ठेवून पाहिला. तिच्या तुकडीतल्या बारा मुलींपैकी पाच जणींची रेघ बुटाच्या बाहेर आली. हवालदार हळूच म्हणाला, "साहेब, आपण पोरींना चार दिवस उगाच ओरडत होतो." मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं नव्हतं. दोन दिवसांत बूट बदलले. आणि रात्रीच्या हजेरीत सांगितलं, की पाय दाखवल्याबद्दल कोणाचंही नाव यादीतून कापलं जाणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी एमआय रूमबाहेर रांग लागली. चार दिवस ही पावलं कुठे होती, कोण जाणे.

ती मुलगी तीन दिवस बाजूला बसली, शेवटचे दोन दिवस पाच नंबरच्या बुटात उभी राहिली. दिल्लीसाठी तिची निवड झाली नाही. तीन दिवसांचा सराव बुडाला होता, तो भरून निघाला नाही. मी तिला तसं स्पष्ट सांगितलं, आणि चूक कोणाची होती तेही सांगितलं. "जी सर" म्हणाली आणि सॅल्यूट करून गेली. तो सॅल्यूट मला जड गेला.

या वर्षी पुन्हा कॅम्प लागला. पहिल्या संध्याकाळी राउंडला निघालो तर मुलींच्या बराकीसमोर जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा. ती आता सीनियर झाली आहे. गुडघ्यांवर बसून एका ज्युनियरच्या पावलाभोवती पेन्सिल फिरवत होती. मला पाहून उठायला लागली.

मी म्हटलं, "बैठो. पहले रेघ पूरी करो."

जय हिंद.