ओल्या गवतावरचे बिऱ्हाड

सुट्टीवर जायचे म्हणजे घराला कुलूप लावून, किल्ली शेजारी ठेवून निघायचे, अशी आपली भोळी समजूत. इंग्रज माणसाला ती मान्य नाही. तो घरच मोटारीच्या मागे बांधतो आणि बरोबर घेऊन निघतो. पलंग, शेगडी, फ्रीज, संडास, खिडक्यांचे पडदे, एवढेच काय, चहाच्या किटलीला घालायची लोकरी टोपीसुद्धा. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते हे आपण म्हणीपुरते ठेवले; त्यांनी त्याला चाके लावली आणि कॅराव्हॅन असे नाव दिले.

ही टूम काढली गॉर्डन स्टेबल्स नावाच्या एका स्कॉटिश गृहस्थांनी. हे आधी नौदलात डॉक्टर होते आणि पुढे मुलांसाठी साहसकथा लिहू लागले. १८८५ साली त्यांनी हौसेखातर ‘वाँडरर’ नावाचे एक लाकडी बिऱ्हाड बांधून घेतले. वजन सुमारे दोन टन. त्याला दोन घोडे जुंपून, बरोबर गाडीवान, नोकर आणि कुत्रा घेऊन ते देश पाहायला निघाले. घोड्याचा एक फायदा असा, की त्याला टायर निवडावे लागत नाहीत. खूर तो जन्मतःच घेऊन येतो. पण १८८८ साली बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप यांनी हवेच्या टायरचे पेटंट घेतले आणि घोड्यांचे दिवस भरले. हे डनलॉप धंद्याने गुरांचे डॉक्टर. आपल्याच रोग्यांची नोकरी घालवणारा दुसरा डॉक्टर माझ्या ऐकिवात नाही.

तेव्हापासून कोणते टायर घ्यावेत हा प्रश्न माणसाच्या मागे लागला, आणि परवा तो आमच्या मेहुण्यापर्यंत येऊन पोचला.

मेहुणा लेस्टरला असतो. गेली तीस वर्षे. आम्ही उभयता उन्हाळ्यात त्याच्याकडे गेलो, तर बैठकीच्या टेबलावर टायरची माहितीपत्रके अशी पसरलेली, जणू घरात उपवर मुलगी आहे आणि स्थळे पाहणे चालू आहे. मेहुणा चष्मा कपाळावर चढवून एकेकाची पत्रिका जुळवत होता.

“दाजी, हे बघा. दोनशे पंचवीस, पन्नास, आर सतरा.”

“म्हणजे?”

“रुंदी २२५ मिलिमीटर. उंची रुंदीच्या ५० टक्के. आणि आतल्या रिमचा व्यास १७ इंच.”

एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच! आमच्याकडे शिंपीसुद्धा इतका घोळ घालत नाही. त्यापुढे ‘९४ व्ही’ असे होते. ९४ म्हणजे एक टायर ६७० किलो वजन पेलतो, आणि व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटर वेगाला तो पुरतो. इंग्लंडात मोठ्या रस्त्यावरही कॅराव्हॅन ओढताना ताशी ६० मैलांच्या वर जायला बंदी आहे. म्हणजे शंभराच्या खाली. आणि मेहुण्याची अडचण निघाली शून्य किलोमीटर वेगाची.

झाले होते असे. आदल्या वर्षी तो लेक डिस्ट्रिक्टमध्ये कॅराव्हॅन घेऊन गेला होता. डोंगर, तळी आणि पाऊस असलेला हा इंग्लंडचा वायव्य कोपरा. तिथल्या सीथवेट या वस्तीवर वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आंबोलीचा माणूस त्याला झिमझिम म्हणेल. पण आपला पाऊस चार महिने धिंगाणा घालून निघून जातो. तिथला पेन्शनरासारखा बारा महिने घरातच असतो. एका शेतकऱ्याच्या कुरणात उतरायची सोय होती. तीन दिवस पाऊस झाला. चौथ्या दिवशी निघायच्या वेळी मेहुण्याने गाडी सुरू केली, चाके फिरली, आणि गाडी जागच्या जागी राहिली. त्याने पाय आणखी दाबला. चाके आणखी फिरली. हिरव्या गवताचे दोन मिनिटांत काळे शेण झाले आणि कर्णाच्या रथासारखी पुढची दोन्ही चाके धरणीने गिळली. कर्णाच्या मदतीला शल्य खाली उतरल्याचे मी कुठे वाचलेले नाही. इथेही कुणी उतरले नाही.

“सतरा कॅराव्हॅन होत्या, दाजी. सतराच्या सतरा पडदे दोन-दोन बोटं बाजूला झाले. कुणी हसलं नाही. सगळे नुसते चहा पीत बघत होते.”

शेवटी शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आला. दोर बांधला, बिऱ्हाड ओढून रस्त्यावर ठेवले आणि परत निघाला. मेहुण्याने पाकीट काढले, तर त्याने नुसता हात हलवला.

“पैसे घेतले असते तर बरं झालं असतं,” मेहुणा म्हणाला. “तीस वर्षं या देशात कुणाचं एक पेनी देणं ठेवलं नाही मी. आता पुन्हा कुणाच्या ट्रॅक्टरला हात लागता कामा नये. असे टायर पाहिजेत.”

आमची सौ. त्याची थोरली बहीण. ती म्हणाली, “अरे, मुळात ओल्या गवतावर जायचंच कशाला?” इतके रास्त प्रश्न विचारणाऱ्यांना पुरुषमंडळी चहा करायला सांगतात. पण ती थोरली असल्यामुळे चहा मेहुण्याने केला.

दुसऱ्या दिवशी आम्ही एका टायरच्या दुकानात गेलो. दुकानदार जाणता होता. कॅराव्हॅनची चाके नुसती मागून घरंगळत येतात, ती ओढत नाहीत, असे तो म्हणाला. चिखलातून निघायचे तर टायर बघायचे ते मोटारीचे. कॅराव्हॅनच्या टायरचे बघायचे ते वय. कडेवर चार आकडे कोरलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पाच वर्षे झाली की बदलायच्या विचाराला लागावे, सातच्या पुढे ठेवू नयेत. वर्षातून चार आठवडे फिरला असला आणि नक्षी नव्यासारखी असली, तरी रबर उभ्या उभ्या म्हातारे होते. अगदी सरकारी नोकरीच. काम किती केले ते विचारत नाहीत. जन्मतारीख पाहून घरी पाठवतात.

मग त्याने रोगाचे मूळ सांगितले. कॅराव्हॅनचे नाक मोटारीच्या शेपटीवर टेकलेले असते आणि त्याचा सत्तर-ऐंशी किलो भार तिथे पडतो. शेपूट दबली की मोटारीचे तोंड उचलले जाते. मेहुण्याची मोटार पुढच्या चाकांनी ओढणारी. म्हणजे ज्यांनी जमीन धरायची, त्यांचेच पाय हलके झालेले. तुमच्या-आमच्या घरातसुद्धा मागे बसणाऱ्यांचे वजन वाढले की पुढे राबणाऱ्याचे असेच होते.

टायरवर ओल्यातल्या पकडीचा ए ते ई असा शेरा छापलेला असतो. मेहुण्याने ‘ए’वर बोट ठेवले. दुकानदार हसला. तो शेरा ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबला तर गाडी किती लवकर थांबते याचा. गवताची परीक्षा त्या बोर्डाने घेतलेलीच नाही.

स्थळे एकंदर चार निघाली. पहिले उन्हाळी टायर. इंग्लंडात सर्रास तेच वापरतात. पारा सात अंशांच्या खाली गेला की त्याचे रबर ताठरते. आणि त्याची रुंद, गुळगुळीत पाठ ओल्या गवतावर साबणासारखी सरकते. दुसरे हिवाळी टायर. थंडीत मऊ, पण उन्हाळ्यात रस्त्यावर लवकर झिजणारे. तिसरे चिखलाचे खास टायर. मोठमोठे दात असलेले हे पहिलवान गाडी बाहेर काढतात खरे, पण जाताना शेतकऱ्याचे कुरण नांगरून जातात. शिवाय साध्या रस्त्यावर घोरतात. चौथे बारमाही टायर. यांच्या नक्षीत असंख्य बारीक चिरा असतात. जमिनीला टेकले की त्या उघडतात आणि त्यांच्या कडा गवताला धरतात. अशा चिरांचे पेटंट १९२३ साली जॉन साइप नावाच्या माणसाने घेतले. कत्तलखान्यात ओल्या फरशीवर पाय घसरतो म्हणून त्याने आधी स्वतःच्या बुटांच्या तळव्यांना चिरा पाडल्या, अशी दंतकथा आहे. दंतकथा असली तरी पटते. माणूस स्वतः घसरल्याखेरीज शोध लावत नाही.

बारमाही स्थळ पसंत पडले. चारही चाकांना एकाच जातीचे, कारण पुढे एक आणि मागे एक असा मिश्रविवाह रस्त्यावर धोक्याचा. जुन्या टायरच्या खाचेत दुकानदाराने २० पेन्सचे नाणे उभे घातले. नाण्याच्या कडेची पट्टी खाचेत बुडायला हवी होती, ती वर दिसली. कायद्याला १.६ मिलिमीटर खोली चालते. नव्या टायरची आठच्या आसपास असते. कायदा माणसाला तुरुंगाबाहेर ठेवतो, चिखलाबाहेर ठेवत नाही.

निघताना दुकानदार म्हणाला, “टायर अर्धं काम करतील. उरलेलं अर्धं पायानं करायचं. दुसरा गियर, आणि अंगठ्याखाली अंडं आहे असं समजून दाबा. चाक जमिनीपेक्षा जोरात फिरलं की संपलं. आणि उतरताना तोंड उताराकडे करून उभे राहा.”

हे मी लहानपणी कोल्हापूरकडे बघितले आहे. साखर कारखान्याच्या हंगामात उसाच्या बैलगाड्या ओढ्यात रुतत. मग कुणीतरी चाकाखाली पाचट सारायचे, आणि रस्त्याने जाणारे चार-सहा जण न बोलावता येऊन चाकाला खांदा लावायचे. गाडी निघाली की सगळे आपापल्या वाटेला. आभार मानायची पद्धत नव्हती. उद्या त्याची रुतेल, तेव्हा आपण खांदा देऊ. चालू खाते होते ते. कुणी ते बंद करत नसे.

हे मी वहिनींना सांगितले. त्या आमच्या सौ.ला म्हणाल्या, “वन्सं, खरं सांगू? तेव्हाही दोघं आले होते. छत्र्या घेऊन, हातात पायपुसणी घेऊन. ह्यांनीच काच खाली करून ‘नो, नो, थँक यू, वी आर फाइन’ म्हणून परत पाठवलं. तेव्हा कुठं ते पडद्यामागे गेले.”

मेहुणा टायरची पावती घडी घालण्यात गुंग झाला.

जुलैत आम्ही चौघे गेलो. जिल्हा तोच, कुरण दुसरे. दोन रात्री पाऊस. निघायच्या सकाळी मेहुण्याने श्वास रोखून दुसरा गियर टाकला. चाके एकदा कुरकुरली आणि गाडी लोण्यातून सुरीने जावे तशी खडीच्या रस्त्यावर आली. मी टाळी वाजवली. सौ.ने गणपतीला हात जोडले; टायरवाल्याचे श्रेय असे नेहमीच वाटले जाते.

इतक्यात मागे ओळखीचा आवाज आला. चाक फिरण्याचा. एका वृद्ध जोडप्याची गाडी रुतली होती. म्हाताऱ्याने काच खाली केली आणि मेहुण्याकडे बघून हात हलवला. नो, नो, वी आर फाइन.

मेहुण्याने ते ऐकलेच नाही. त्याने आपली कॅराव्हॅन रस्त्याकडेला सोडली आणि मोटार वळवली. मग एकेक पडदा नाही, एकेक दार उघडले. कुणी पायपुसणे आणले, कुणी गालिच्याचा तुकडा. पाचटाची सोय तिथे तशीच करतात. दोर म्हाताऱ्याचाच निघाला. मेहुण्याची मोटार खडीवर, चौघे-पाच जण चिखलात आणि मी वयाला शोभेल अशा बाजूने खांदा लावून. तीन मिनिटांत बिऱ्हाड वर आले. म्हाताऱ्याने पाकीट काढले. मेहुण्याने नुसता हात हलवला.

परतताना तो डाव्या बाजूने बरोबर साठ मैलांनी गाडी चालवत होता आणि बराच वेळ शीळ घालत होता. टायरबद्दल एक अक्षर बोलला नाही. वाटेत एका दुकानाशी थांबला आणि तीस मीटर जाड दोर घेऊन आला.

“आता तर टायर चांगले आहेत ना रे?” सौ.ने विचारले.

“आपल्याला नाही गं लागायचा,” तो म्हणाला. “पण कुणाला लागला तर?”